उजेड कुठून यावा

वीस मीटर खोलीवर बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट दिसतं. पाण्याखाली जाणाऱ्यांकडून ही गोष्ट सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली असते, आणि ती खरी आहे. उजेडातला तांबडा रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटरवरच तो बराचसा गेलेला असतो. मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. शेवटी उरतो तो निळा, आणि गढूळ पाण्यात हिरवा. आपला डोळा आणि मेंदू मिळून ही तूट बरीच भरून काढतात, त्यामुळे खाली असताना पोवळ्यांची भिंत आपल्याला रंगीतच वाटते. कॅमेऱ्याला अशी सोय नाही. समोर जे आहे तेच तो टिपतो, आणि वर आल्यावर पडद्यावर निळसर-राखाडी चित्र बघून मन खट्टू होतं. यावरचा उपाय म्हणजे स्ट्रोब, कॅमेऱ्याबाहेर जोडायचा पाण्याखालचा फ्लॅश. छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी तो कसा निवडावा आणि वापरावा, ते इथे सांगते.

यात एक गोष्ट सहसा सुटते. रंग फक्त खोलीमुळे जात नाही, उजेडानं पाण्यातून एकूण किती वाट कापली यावर ते अवलंबून असतं. पाच मीटर खोलीवरचा मासा दोन मीटर लांबून टिपला, तर कॅमेऱ्यात पोचणारा उजेड सात मीटर पाणी ओलांडून आलेला असतो. लाल फिल्टर लावला की उरलेला निळा कमी होतो, पण जो तांबडा खाली पोचलाच नाही तो फिल्टर कुठून आणणार? त्यासाठी तांबडा रंग शाबूत असलेला ताजा उजेड आपणच सोबत न्यायला हवा, आणि तो विषयाच्या अगदी जवळ नेऊन सोडायला हवा. अर्ध्या मीटरवरून सोडलेला उजेड जाऊन-येऊन जेमतेम एक मीटर पाणी ओलांडतो. म्हणून वीस मीटर खालीही पोवळ्याचा शेंदरी रंग शेंदरीच दिसतो.

माणसानं यासाठी काय काय केलंय हे वाचलं की मला आजच्या छोट्याशा स्ट्रोबबद्दल फार कौतुक वाटतं. लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९३ मध्ये भूमध्य समुद्रात बान्यूल्सच्या किनाऱ्यावर पाण्याखाली फोटो काढले. त्याच्या दिव्याचं रूप असं, की एका मोठ्या पिंपावर काचेच्या आवरणात स्पिरिटचा दिवा, आणि त्याच्या ज्योतीवर रबरी फुग्यानं मॅग्नेशियमची पूड फुंकायची. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगासमध्ये हॉगफिश माशाचा रंगीत फोटो घेतला, तो पाण्याखालच्या पहिल्या रंगीत छायाचित्रांपैकी एक. तेव्हा उजेडासाठी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवावा लागला होता. पुढे एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश समुद्रात नेला आणि फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तो यांच्या मोहिमांमध्ये तो वापरला गेला. त्या पिंपाचं आणि तराफ्याचं काम करणारी वस्तू आज तळहातावर मावते आणि चार पेन्सिल सेलवर चालते.

आता कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याकडे येते. त्यात फ्लॅश असतोच, मग वेगळा स्ट्रोब कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अगदी जवळच्या, बोटभर आकाराच्या विषयासाठी आतला फ्लॅश हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाच्या) डिफ्यूझरमधून, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पांढुरक्या पट्टीतून, काही वेळा चालूनही जातो. पण तो भिंगापासून दोन-चार सेंटीमीटरवर असतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे. पाणी कितीही नितळ वाटलं तरी त्यात कण असतात: प्लवक, वाळू, कुणाच्या तरी पायातल्या फिनच्या फटकाऱ्यानं उठलेला गाळ. भिंगाशेजारून निघालेला उजेड या कणांच्या समोरच्या बाजूवर पडतो आणि सरळ भिंगात परततो. चित्रभर पांढरे ठिपके पडतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. संगणकावर बसून एकेक ठिपका पुसणं किती कंटाळवाणं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. उजेड बाजूनं आला तर भिंगाला दिसणारी कणांची बाजू बहुतांशी अंधारात राहते. स्ट्रोब घ्यायचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे आहे. जास्त उजेड मिळतो ते खरंच, पण उजेड कुठून यावा हे आपल्या हातात येतं, ते त्याहून मोलाचं.

म्हणून कुणी विचारलं की कुठला स्ट्रोब घेऊ, तर मी आधी त्याचा कॅमेरा मागते. बहुतेक कॉम्पॅक्टच्या हाउसिंगमध्ये स्ट्रोबला जोडणारी विजेची तार नसते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उडतो, त्याचा उजेड फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबच्या सेन्सरपर्यंत जातो, आणि तो इशारा मिळाला की स्ट्रोब उडतो. म्हणजे कॅमेऱ्याचा आतला फ्लॅश काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं. काही चांगल्या कॉम्पॅक्टना आत फ्लॅशच नाही, उदाहरणार्थ पॅनासॉनिकचा एलएक्स१००. छोट्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचंही तेच. तिथे हा साधा मार्ग बंद.

ज्यांना फ्लॅश आहे त्यांतही दोन स्वभाव दिसतात. डिजिटल कॅमेरा साधारणपणे फोटोच्या आधी क्षणभर एक हलका फ्लॅश उडवतो, त्यावरून किती उजेड लागेल याचा अंदाज घेतो आणि मग खरा फ्लॅश उडवतो. हा आधीचा तो प्री-फ्लॅश. दोन्हींतलं अंतर इतकं कमी असतं की डोळ्याला एकच लखलखाट दिसतो. स्ट्रोबला मात्र ते दोन वेगळे इशारे वाटतात. पहिल्याच इशाऱ्याला तो उडून गेला तर शटर उघडेपर्यंत खेळ संपलेला असतो. कॅननच्या जी मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर फ्लॅश मॅन्युअलवर टाकता येतो आणि त्याची ताकद अगदी कमी ठेवता येते. मग प्री-फ्लॅश येत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरीही वाचते. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत ही सोय नाही. तिथे प्री-फ्लॅश येणारच, तेव्हा तो ओळखून सोडून देणारा किंवा त्याची हुबेहूब नक्कल करणारा स्ट्रोबच हवा. टीटीएल म्हणजे भिंगातून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानंच ठरवायची. इनॉन कंपनीचा एस-टीटीएल आणि सी अँड सी कंपनीचा डीएस-टीटीएल हे नक्कल करणारे. कॅमेऱ्याचा फ्लॅश पेटला की हेही पेटतात, तो विझला की हेही विझतात, आणि उजेडाचा हिशेब कॅमेऱ्याकडेच राहतो.

आपली जोडी जमते का हे घरच्या घरी, कोरड्यात कळतं. त्याची रीत मला फार आवडते. खोलीतला उजेड कमी करायचा, कॅमेरा हाउसिंगमध्ये घालून केबल जोडायची आणि आरशासमोर उभं राहायचं. स्ट्रोबचं तोंड आरशाकडे करायचं आणि आरशातल्या स्ट्रोबचा फोटो काढायचा. मग पडद्यावर तो भाग मोठा करून बघायचा. स्ट्रोबच्या काचेत पांढरा भडका दिसला तर दोघं एका वेळी उडाले. डोळ्यांना लखलखाट दिसला पण फोटोत काच काळीच आहे, तर स्ट्रोब प्री-फ्लॅशला उडून मोकळा झालाय. मग स्ट्रोबवरचं प्री-फ्लॅशचं बटण किंवा चकती बदलून पुन्हा तेच करायचं. आरशात बघताना केबलचं टोक नीट बसलंय का आणि हाउसिंगच्या ज्या खिडकीतून आतला फ्लॅश बाहेर येतो ती काळ्या पट्टीनं पुरती झाकली आहे का, हेही दिसतं. ती झाकली नाही तर आतल्या फ्लॅशचा उजेड निसटून पाण्यात जातो आणि पुन्हा तेच ठिपके. केबलही दोन तऱ्हेची मिळते, एका जाड तंतूची आणि शेकडो बारीक तंतूंची. दुसरी वाकवली तरी उजेड कमी सांडते, त्यामुळे आतला फ्लॅश मंद ठेवणाऱ्यांनी तीच घ्यावी.

टीटीएल की मॅन्युअल, म्हणजे ताकद कॅमेऱ्यानं ठरवायची की आपण, यावर लोक तावातावानं बोलतात. माझं मत असं, की दोन्ही असलेला स्ट्रोब घ्यावा आणि मॅन्युअल शिकावं. विषय चौकटभर असेल, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या मॅक्रो फोटोत, तर टीटीएल छान चालतं. पण निळ्या पाण्यात एकटाच मासा असला की कॅमेरा मागचं रिकामं पाणी मोजतो, तिथून काहीच परत येत नाही म्हणून आणखी उजेड मागतो, आणि मासा पांढराफटक होतो. मॅन्युअलमध्ये गणित सरळ आहे. मागच्या पाण्याचा निळा किती गडद हवा ते शटरच्या वेगानं ठरवायचं, आणि पुढच्या विषयावरचा उजेड अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) व स्ट्रोबच्या ताकदीनं. स्ट्रोबचा लखलखाट शटरच्या वेळेपेक्षा फार छोटा असतो, त्यामुळे शटर १/१२५ वरून १/५०० वर नेलं तरी विषय तेवढाच उजळ राहतो, फक्त पाणी गडद होतं. पुष्कळ कॉम्पॅक्टमध्ये शटर भिंगातच असतं, म्हणून फ्लॅशसोबत त्यांना मोठ्या कॅमेऱ्यांपेक्षा खूप वेगवान शटर वापरता येतं. त्या बाबतीत छोटा कॅमेरा सरस आहे, आणि हे फार कमी लोक सांगतात.

अपवाद ऑलिंपसच्या टीजी मालिकेचा. त्या कॅमेऱ्यांवर शटरचा वेग आपल्याला ठरवता येत नाही, त्यामुळे तिथे टीटीएल नीट सांभाळणारा स्ट्रोब घेणंच शहाणपणाचं. आणि सी अँड सीच्या छोट्या स्ट्रोबमध्ये नाव बघून घ्यावं. वायएस-०१ मध्ये टीटीएल आणि मॅन्युअल दोन्ही आहेत, वायएस-०२ फक्त मॅन्युअल आणि वायएस-०३ फक्त टीटीएल. दिसायला तिघंही भावंडं. जुनी वस्तू घेताना तर हे हमखास तपासावं.

आता गाइड नंबर. जाहिरातीत हाच आकडा सगळ्यात ठळक असतो. अंतर मीटरमध्ये आणि अ‍ॅपर्चरचा आकडा यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १०० असताना, तोही हवेत मोजलेला. पाण्यात तो साधारण अर्धा ते एक तृतीयांश राहतो. इनॉन एस-२००० चा गाइड नंबर २०, सी अँड सी वायएस-डी२ चा ३२. मोठा साधारण अडीच पट उजेड देतो, म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). वाटतो तेवढा हा फरक नाही. २० चा पाण्यात ७ धरला तर अर्ध्या मीटरवर एफ/१४ पर्यंत उजेड पोचतो. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये एफ/८ किंवा एफ/११ च्या पुढे अ‍ॅपर्चर जातच नाही. त्यातून छोट्या सेन्सरला एफ/५.६ वरच इतकी खोलवर स्पष्टता मिळते, की मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला तीच मिळवायला एफ/१४-१६ वर जावं लागतं. म्हणजे कॉम्पॅक्टला मुळातच कमी उजेड पुरतो. सर्वांत ताकदवान स्ट्रोब घेऊन तो कायम पाव ताकदीवर चालवण्यात काय अर्थ आहे? एक मीटरच्या पलीकडे कुठल्याच स्ट्रोबकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. दीड मीटरवर रंग फिके पडू लागतात, आणि ताकद वाढवली की मधलं पाणीच जास्त उजळतं.

मोठ्या आकड्यापेक्षा मला उजेडाची रुंदी महत्त्वाची वाटते. हाउसिंगवर वाइड भिंग चढवलं की चौकट शंभर अंशांच्याही पुढे पसरते. स्ट्रोबचा झोत अरुंद असला तर मधोमध उजळ गोळा आणि कोपरे निळे, असं चित्र येतं. डिफ्यूझर लावला की झोत पसरतो आणि मऊ होतो, थोडी ताकद जाते. मी तो क्वचितच काढते.

आणि मग आर्म, म्हणजे स्ट्रोब धरणारा सांध्यांचा दांडा. स्ट्रोबवर मन लावून विचार करणारे लोक आर्मवर आल्यावर घाई करतात, आणि इथेच चित्र घडतं किंवा बिघडतं. हाउसिंगखालची पट्टी म्हणजे ट्रे, त्याच्या एका बाजूला मूठ, मुठीवर बॉल, मग क्लॅम्प, आर्मचा तुकडा, पुन्हा क्लॅम्प, दुसरा तुकडा आणि टोकाला स्ट्रोब. दोन तुकडे हवेतच. एकाच तुकड्यानं स्ट्रोब लांब जातो, पण हवा तिथे जात नाही. वाइडसाठी स्ट्रोब बाजूला लांब आणि हाउसिंगच्या पोर्टच्या, म्हणजे भिंगासमोरच्या काचेच्या, थोडा मागे ठेवायचा, तोंड किंचित बाहेर वळवून, म्हणजे विषयावर झोताची फक्त कड पडते आणि भिंगासमोरचं पाणी अंधारात राहतं. कडेचा उजेड पुरेल का, अशी शंका येते. पुरतो.

मॅक्रोत सगळं उलटं होतं आणि सगळं जवळ येतं. न्यूडिब्रँक घ्या, कवच नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय, अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्या बऱ्याच जातींत पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा एक तुरा असतो, अर्धपारदर्शक, उमललेला. उजेड समोरून पाडला तर तो तुरा सपाट होऊन पाठीच्या रंगात मिसळतो. आर्म दुमडून स्ट्रोब वर आणि जरा तिच्या मागच्या अंगाला नेला, तोंड खाली कललेलं, तर तोच उजेड तुऱ्याच्या एकेका फाट्यातून आरपार येतो, काठावर तेजाची रेघ उमटते आणि पाठीवरच्या खळग्यांना सावली मिळते. स्ट्रोब तोच, ताकद तीच, जागा वीतभर हलली. या कामाला स्ट्रोबचं अंग लहान असणं फार उपयोगी पडतं. मोठा स्ट्रोब तिथे मावत नाही, खडकाला लागतो, आणि एका कडेनं तोललेलं ओझं मनगट पिळत राहतं. फुगीर, तरंगणारे आर्म मिळतात, त्यांनी हे ओझं बरंच हलकं होतं. एकदा हात स्थिर झाला की पोवळ्यावर टेकायची गरजच राहत नाही, आणि टेकू नयेच. चार-पाच फोटोंत जमलं नाही तर त्या जिवाला सोडून पुढे जावं, असं मला मनापासून वाटतं.

नेम धरतानाही डोळा फसवतो. मास्कच्या काचेमुळे पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा साधारण पाव अंतर जवळ दिसते. स्ट्रोब आणि मासा दोघंही पाण्यातच असल्यामुळे उजेडाला मात्र खरं अंतरच कापावं लागतं. दिसतो त्या जागी नेम धरला की झोत माशाच्या अलीकडे पडतो. म्हणून तो जरा पलीकडेच धरायचा. स्ट्रोबमध्ये नेम दाखवणारा छोटा दिवा असला तर हे सोपं होतं, शिवाय संधिप्रकाशात कॅमेऱ्याला फोकस पकडायलाही तो कामी येतो.

सेलबद्दल थोडक्यात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड वापरावेत. अल्कलाइनचा व्होल्टेज जास्त असतो, १.५ विरुद्ध १.२, पण एकदम मोठा प्रवाह देताना ते अडखळतात आणि दोन फोटोंमधली वाट लांबत जाते. ताज्या सेलवर लहान स्ट्रोब दोनेक सेकंदांत पुन्हा तयार होतो. आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा थांबावं लागतं ते कॅमेऱ्याच्या आतल्या फ्लॅशसाठी, तेव्हा तिथे झटपट भरणाऱ्या स्ट्रोबसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात हशील नाही.

ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला, मात्र वेळ द्यावा. सेलचं झाकण उघडलं की रिंग बोटावर घेऊन पूर्ण गोल फिरवावी, उजेडाकडे धरून. एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा पुरतो पाण्याला आत यायला. ग्रीस तिच्यावर चकाकी येण्यापुरतंच. समुद्रातून आल्यावर स्ट्रोब गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, बटणं आणि चकत्या पाण्यातच फिरवाव्यात, आणि पुसून कोरडा झाल्यावरच झाकण खाली धरून उघडावं, म्हणजे कडेला राहिलेला थेंब आत जात नाही.

सुरुवात एकाच स्ट्रोबनं करावी असं मी सगळ्यांना सांगते. एक असला की सावली पडते, आणि सावली कुठे पाडायची हे शिकल्याशिवाय दोन घेतले तर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडून सगळं सपाट होतं. रुंद दृश्यात एका बाजूचा काळोख खुपायला लागला की दुसरा घ्यायची वेळ आली असं समजावं. तेव्हा पहिल्याच जातीचा घ्यावा. दोन कंपन्यांच्या उजेडाचा रंग सारखा नसतो, एक ५५०० केल्विनच्या आसपास आणि दुसरा त्याहून उबदार असला तर पोवळ्याची एक बाजू पिवळट येते. ताकदीच्या चकतीवरचे टप्पेही जुळत नाहीत, आणि मासा समोर असताना दोन वेगळी गणितं करायला सवड नसते. ट्रे घेतानाच दुसऱ्या मुठीला भोकं आहेत ना, आणि हाउसिंगवर दुसऱ्या केबलला जागा आहे ना, एवढं पाहून ठेवावं.